मुक्यानं आलेल्या महालक्ष्म्या

काल ज्येष्ठा-कनिष्ठा घरात आल्या त्या मुक्यानंच.

शिरपुरातल्या काळबांड्यांच्या घरी असं आजवर झालं नव्हतं. उंबऱ्यावर तांदळाचं माप मांडलेलं, सुनेच्या, म्हणजे मंजूच्या हातात थोरलीचा मुखवटा, कारंज्याहून आलेल्या लेकीच्या, वैजयंतीच्या हातात धाकटीचा, मंजूचा नवरा रामकिसन ताट आणि पळी घेऊन वाजवायच्या तयारीत. आणि दोघांच्या मुलानं, ऋषिकेशनं मोबाइल उंच धरून बोट दाबलं. आता त्यातून मंजूच्या सासूचा, प्रयागबाईचा आवाज यायचा होता. तीन वर्षांपूर्वी नागपूरच्या डॉक्टरांनी तिच्या गळ्यातून स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून ती गळ्याला सुती रुमाल बांधून उंबऱ्याच्या आत उभी राहायची, आणि तिचाच जुना आवाज मोबाइलमधून महालक्ष्म्यांना घरात घ्यायचा. 'कोन गं उभ्या दारी, चिखलाचे पाय घेऊन' हे ते गाणं. काल आवाज आला नाही. काळा चौकोन आला आणि त्यात चार ओळी इंग्रजी.

"नेट नाई का बे?" रामकिसन म्हणाला.

"नेट हाय, बाबा. गाणं नाई."

गाण्यांचे पेन ड्राइव्ह एसटी स्टँडवरच्या दुकानात, मुहूर्त टळत चाललेला. शेवटी मंजूनं नुसतंच विचारलं, "काय घेऊन आल्या व माय?" आणि वैजयंतीनं कशीबशी सोन्याच्या पावलांची उत्तरं दिली. रामकिसननं ताट बडवलं. सगळं घाईघाईत उरकलं. पण त्या चार ओळींवरून घरात एकाच माणसानं नजर काढून घेतली होती, आणि तो माणूस म्हणजे घरचा कर्ता, प्रयागबाईचा नवरा इंद्रभान. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. न वाचताच त्याला कळलं होतं.

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. सकाळी पूजा झाली, बायकांच्या सोळा भाज्या चिरून झाल्या, चुलीवर आंबील चढली, तरी तो ओसरीच्या खांबाला टेकून तसाच बसलेला. एकोणसत्तर वर्षांचा माणूस. बाप भोंग्यावर तबकड्या वाजवून लग्नं गाजवायचा, त्यानं स्वतः स्टँडवर 'प्रयाग रेकॉर्डिंग सेंटर' काढून अख्ख्या तालुक्याला कॅसेटी भरून दिल्या, पुढं मेमरी कार्डं भरली, आणि आता नातवाचं यूट्यूबवर आजीच्या गाण्यांचं चॅनल. कोणाचंही गाणं घ्यावं, डबल डेकात टाकावं आणि दुसऱ्या कॅसेटीवर उतरवावं, यात काही वावगं आहे असं त्या काळी कोणाला वाटत नव्हतं. कंपन्यांना तेवढं वाटायचं.

"आबा, या इकडं. सगळे हाय तं आत्ताच ठरवून घेऊ," ऋषिकेश म्हणाला.

इंद्रभान जागचा हलला नाही, मग सगळेच त्याच्याभोवती येऊन बसले. प्रयागबाई दाराशी केळीची पानं पुसत होती. तिच्यापुढं बोलायचं नाही असं कोणी ठरवलं नव्हतं, पण ती बोलू शकत नाही म्हणून तिला ऐकूही येत नसावं, अशा थाटात सगळे बोलायचे. इंद्रभानला त्याची फार चीड यायची. आज मात्र त्याला वाटलं, खरंच हिला ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं.

"तीन नोटिसा आल्या," ऋषिकेशनं सांगायला सुरुवात केली. "दोन श्रावणातच आल्या होत्या. तुमाले सांगतलं नाई, म्हटलं मिटवून टाकू. काल आवाहनाच्या टायमाले तिसरी आली. तीन स्ट्राइक झाले का सात दिवसांत चॅनल बंद. एकशे बारा गाणे, ऐंशी हजार बाया आयकनाऱ्या, सगळं साफ."

"अन् गाणे?" वैजयंतीनं विचारलं.

"गाणे कुठं नाई जात, आत्या. तीन पेन ड्राइव्हवर हाय. आपलं खानदान कॉपी केल्याबिगर झोपते का?"

ऋषिकेशनं मोबाइल मांडीवर उपडा ठेवला. 

"पन ऐकनाऱ्या बाया जातीन. आजीचं नाव जाईन. वरतून, हे चोर हाय, असं लिहून राहीन तिथं."

"कोन म्हंते आमी चोर?" वैजयंतीचा आवाज चढला. ती पहिल्यापासून अशीच, भांडण समोर दिसलं की पदर खोचणारी. "माह्या मायचा आवाज हाय थो! आवाहनाचं गाणं तिच्या आजीपासून चालत आलं."

"गाण्याचं काई नाई म्हंत ते. गाणं पिढीजात, कोनाच्याच मालकीचं नाई. पन टेपवर जो आवाज भरला, त्या भरण्याचा मालक असते. अकोल्याची एक जुनी कॅसेट कंपनी होती, ती मंबईच्या कंपनीनं विकत घेतली. ते म्हंतात, हे तीन गाणे आमच्या टेपवरचे हाय. अन् नोटीस बी फक्त डब्यातल्या टेपवरच्या गाण्याईलेच आली. मोबाइलवर भरलेल्या एकाले बी नाई."

डब्यातली टेप. इंद्रभाननं तंबाखूची पुडी उघडली आणि तशीच मिटली. आजीचा आवाज गेला त्या वर्षी ऋषिकेशला माळ्यावरच्या बिस्किटाच्या डब्यात ती कॅसेट सापडली होती. वैजयंतीच्या लग्नाआधी प्रयागबाईनं गायलेली अकरा गाणी. पोट्टा नाचत खाली आला होता. तेव्हाच 'ही नको टाकू' एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण बायको मुकी होऊन दोन महिने झालेले, घरात तिचा तरुणपणचा आवाज घुमला, आणि इंद्रभानच्या जिभेला जणू कुलूपच लागलं.

"जाऊ द्या बाप्पा," रामकिसन म्हणाला. भाऊ-बहिणीचं हे कायमचंच, ती पेटवते, तो विझवतो. "मंबईची कंपनी हाय. तिच्यासंग आपुन कुठं लढाले जाता? चॅनल गेलं तं गेलं. पोट्ट्याची नवकरी पाहा."

"हेच तं म्या काल रातपासून सांगून राह्यली," मंजू सासऱ्याकडं सरकली. कणकेनं भरलेले हात तिनं गुडघ्यांवर उपडे ठेवले होते. "मामाजी, तुमीच समजवा न याले. तलाठ्याच्या भरतीच्या यादीत याचं नाव आलं. येत्या सोमवारी वाशीमले कागदं तपासनी, मंग पोलीस पडताळनी. त्यातनी कोर्टबिर्ट निघालं तं चार वर्षाची मेहनत गेली पान्यात."

"आई, म्या खोटं लिहिलं तं जाईन न! खरं लिहिल्यावर कायचं भेव?" ऋषिकेशनं मोबाइल पुढं धरला. "हा फॉर्म भरला म्या. नाव, पत्ता, फोन, सगळं माह्यं. शपथेवर लिहा लागते, का हे गाणे आमचे, आमी कोनाले देल्ले नाई, नोटीस चुकून आली. हे खोटं निघालं तं शिक्षा. अन् कंपनीनं कोर्टात नेलं तं म्या हजर राहीन. पाठवलं का दोन आठोड्यात एक तं त्याईनं कोर्टात जा, नाई तं गाणे वापस."

'आमी कोनाले देल्ले नाई.' इंद्रभाननं ते वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. 

"थांब," तो म्हणाला. "घाई काहून करतं? सणाचा दिवस हाय."

"आत्या उद्या जाईन, आबा. अन् अजून एक हाय. काल रातच्यानं शोधून काढलं. आयका."

त्यानं मोबाइलवर दुसरंच काहीतरी लावलं. पडद्यावर नऊवारी नेसलेली, शहरातली कोणी हसरी पोरगी. खाली नाव, कुमारी मधुलता. वर लिहिलेलं, वऱ्हाडी महालक्ष्मी गीते. आधी टेपची खरखर झाली. मग त्या खरखरीतून एका जवान पुरुषाचा आवाज आला, जरा दबका.

'भेऊ नको, पर्याग. म्या हाय न इथंच.'

आणि लगेच ढोलकी, की-बोर्डची पिपाणी, आणि त्या सगळ्या गदारोळाच्या वर प्रयागबाईचा मोकळा, सणसणीत आवाज. कोन गं उभ्या दारी.

दाराशी केळीचं पान फाटल्याचा आवाज झाला.

"बाबा!" वैजयंती ओरडलीच. "हे तं बाबा! पर्याग म्हनून राह्यले न! आयकलं का रे रामकिसन?"

"आपल्या डब्यातल्या कॉपीत हे बोलनं नाई," ऋषिकेश म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "आबाईनं कॉपी भरताना कापलं असन. म्हंजे यायच्याजोळ जी टेप हाय, ती असली, मूळची. आपली. इथली. साऱ्या जगाले आयकू जाईन का ही मधुलता नाई, ही पर्याग हाय."

रामकिसन पडद्यावरच्या हसऱ्या पोरीकडं बघत राहिला. बोलायला वेळ लावणारा माणूस तो. मानेची शीर मात्र फुगली होती. "मायच्या आवाजाले दुसऱ्या बाईचं नाव?" तो म्हणाला. "अन् वरतून आमाले चोर म्हंतात? पाठव रे फॉर्म. पाहून घेऊ त्या मंबईवाल्याले."

झालं. आतापर्यंत मंजूच्या बाजूनं असलेला नवरा एका गाण्यात बहिणीकडं गेला. मंजू एकटी पडली. आणि एकटं पडलेलं माणूस जो प्रश्न विचारतं, तोच तिनं विचारला.

"पन असली टेप त्याईच्याजोळ गेली कशी?"

"धाडीत!" वैजयंती म्हणाली. "शहान्णवसाली माह्या लग्नाच्या तोंडावर धाड पडली होती न दुकानावर. तवाच नेली. बाबाईनंच सांगतलं होतं. मले सासरी नेवाले भरली होती थे टेप. लग्नात भेटलीच नाई मले."

"मंग तं पक्कंच झालं," ऋषिकेश म्हणाला आणि भराभर टाइप करू लागला. "आबा, तुमाले साक्षीदार टाकतो. 'ही टेप १९९६ च्या धाडीत माझ्या दुकानातून न विचारता नेली.' बराबर न?"

सगळे इंद्रभानकडं बघत होते. जिच्यासाठी टेप भरली ती लेक, मुलगा, सून, नातू. एकोणतीस वर्षांपूर्वी सांगितलेली थाप त्यांनीच आज झाडून-पुसून त्याच्या हातात दिली होती. त्यानं नुसती मान हलवायची होती.

"हाव," इंद्रभान म्हणाला.

तेवढा एकच शब्द. प्रयागबाईनं फाटलेलं पान बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं आणि ती आत निघून गेली.

मंजू हात धुवायला उठली. उठताना तिनं सासऱ्याकडं पाहिलं. "मामाजी, तुमी पक्कं म्हंता न? माह्या पोट्ट्याचं नाव हाय त्या कागदावर."

"हाव म्हटलं न," तो वसकन म्हणाला. आयुष्यात कधी सुनेवर आवाज चढवला नव्हता. मंजू मोरीकडं निघून गेली.

आता त्या दिवसाचं सांगायलाच पाहिजे, कारण इंद्रभानच्या डोळ्यांपुढून तो दिवस हलेना. वैशाखाचं ऊन. दुकानात कंपनीची दोन माणसं आणि एक जमादार शिरले. भरलेल्या कॅसेटींच्या थप्प्या, कोऱ्या कॅसेटींची खोकी, दोन्ही डेक, सगळ्यांचा पंचनामा. नकली माल, केस होणार, आजची रात्र कोठडीत. लग्नाला अकरा दिवस. वऱ्हाड कारंज्याचं, नाकावर माशी न बसू देणारं. सासरा कोठडीत म्हटल्यावर ते दारात तरी आले असते का? इंद्रभान हात जोडून उभा होता. आणि त्या धांदलीत एका डेकमध्ये सकाळपासून लावलेली प्रयागची टेप तशीच वाजत होती. कंपनीच्या साहेबानं बोट वर केलं. सगळे थांबले. साहेबानं अख्खं गाणं ऐकलं. मग विचारलं, ही बाई कोण?

संध्याकाळपर्यंत जमादार गेला, पंचनामा फाटला आणि टेपचे हक्क कंपनीला दिल्याचा स्टँप पेपर आला. गायिकेची सही पाहिजे, उद्या या, साहेब म्हणाला. इंद्रभान कागद घेऊन घरी आला. प्रयाग सांडगे वाळत घालत होती. चार वेळा तो तिच्यापाशी जाऊन उभा राहिला. काय सांगायचं तिला? लेकीला देण्यासाठी तू जे गायलीस ते मी दिलं? ती माणसांपुढं गात नव्हती. डेकचा लाल दिवा लागला की तिला भेव वाटायचं, म्हणून तो शेजारी बसून होता. पाचव्यांदा तो गेलाच नाही. दुकानात बसून त्यानं स्वतःच कागदावर तिचं नाव लिहिलं, खाली साक्षीदार म्हणून आपलं. आणि धंद्याची सवय म्हणा, हावरटपणा म्हणा, टेप साहेबाच्या हाती द्यायच्या आधी त्यानं तिची एक कॉपी भरून घेतली. सफाईदार. सुरुवातीचं आपलं बोलणं कापून. त्याच्या हातून एवढी एकच चूक झाली नसती, तर आज ना नोटीस आली असती ना फॉर्म.

आणि तो कागद कंपनीच्या कपाटात असणारच. कंपन्या गाणी विसरतील, कागद विसरत नाहीत. ऋषिकेशनं शपथेवर 'कोनाले देल्ले नाई' लिहायचा अवकाश, ते कागद काढणार. मग तलाठी होऊ घातलेला पोट्टा खोट्या शपथेचा आरोपी. आणि पडताळणीला आलेला पोलीस याच ओसरीवर बसून विचारणार, 'तुमच्या घरात याआधी काही प्रकरण?' कोणाला सांगावं? रामकिसनला बाजूला घ्यावं का? पण रामकिसन आत्ताच पेटलेला. मंजूला? तिला तर आत्ताच गप्प केलं.

दुपारी एक वाजता नैवेद्याची ताटं वाढून झाली. पुरण, कढी, आंबील, सोळा भाज्या, ज्वारीच्या पिठाची फळं. दोघी महालक्ष्म्या मुखवटे घालून, भरजरी लुगडी नेसून बसलेल्या. आरती झाली.

या घरात त्यापुढची रीत कडक. नैवेद्य दाखवला की पडदा ओढायचा, घरातल्या झाडून सगळ्यांनी ओसरीवर यायचं, आणि आत लावलेली उदबत्ती सरेपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही. महालक्ष्म्या म्हणजे माहेरी आलेल्या लेकी, बाहेर बोलणं चाललं तर त्या लाजून उपाशी उठतात. लहानपणी रामकिसन एकदा खुदकन हसला होता, तर प्रयागबाईनं सगळी ताटं उचलून स्वयंपाक पुन्हा केला होता.

पडदा ओढला गेला. सगळे बाहेर येऊन बसले. ऋषिकेशच्या हातात मोबाइल होता. फॉर्म भरून तयार, खाली निळी पट्टी. पडदा उघडला की देवीचं नाव घेऊन दाबणार, असं त्यानं आत जातानाच सांगितलं होतं. वैजयंती डोळे मिटून बसली. मंजू पोराच्या अंगठ्याकडं एकटक बघत होती. प्रयागबाई समोरच्या भिंतीला टेकलेली, गळ्यावरच्या रुमालाआडून तिचा श्वास सूंसूं वाजत होता. बोलण्याची मनाई असलेल्या त्या वेळात ती घरातल्या सगळ्यांसारखीच एक झालेली. इंद्रभाननं तिच्याकडं पाहिलं, आणि ती त्याच्याचकडं बघत होती. डोळ्यांत राग नव्हता. ती थांबली होती, एवढंच.

उदबत्तीचा वास पातळ होत चालला. 

आत्ता नाही तर मग नाही, हे त्याला कळत होतं. ऋषिकेशचा अंगठा पट्टीच्या वर आला.

"ऋषी, दाबू नको."

सगळे दचकले. रामकिसननं घाबरून पडद्याकडं पाहिलं. वैजयंतीनं ओठांवर बोट ठेवलं, "बाबा!"

"टेप धाडीत नाई गेली," इंद्रभान म्हणाला. "म्या देल्ली. माह्या हातानं. केस मिटवाले."

मग मंजूनं झडप घालून पोराच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि छातीशी धरला.

"देल्ली म्हंजे?" वैजयंती उभी राहिली. "मले सांगतलं का पोलिसाईनं नेली. म्या एकोणतीस वर्षं त्या पोलिसाईच्या नावानं बोटं मोडून राह्यली!"

"तुह्या लग्नाले अकरा दिवस होते व बाई. म्या कोठडीत गेलो असतो तं..."

"मले कायले मधात घेता?" तिचा आवाज फाटला. "म्या सांगतलं होतं का? मायले तरी इचारलं होतं?"

रामकिसन दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता. आत्ताच कंपनीला पाहून घेणार होता, आता कोणाला पाहून घ्यायचं तेच त्याला समजत नव्हतं. सगळ्यांत आधी भानावर आला तो ऋषिकेश. 

"आबा, कागद झाला होता?" त्यानं हळू विचारलं.

"हाव."

"त्यावर सही कोनाची?"

"तुह्या आजीची."

"मायची?" रामकिसननं डोकं वर केलं. "शहान्णवात? मायले सही कुठं येत होती तवा? अंगठा लावे थे. बचत गट निंघाला तवा म्याच पाटीवर गिरवून घेतली तिच्याकडून."

इंद्रभान खाली मान घालून बसला. फरशीवर तांदळाचे दोन दाणे पडले होते, तेवढेच त्याला दिसत होते. "म्या केली," तो म्हणाला. 

मंजूनं मोबाइल आणखी घट्ट धरला.

"मंग त्याईचा कागद खोटा हाय," ऋषिकेश थांबत थांबत म्हणाला. पोट्टा चार वर्षं परीक्षेसाठी कायदे घोकत होता, ते आता असं उपयोगी आलं. "आजीनं देल्लंच नाई कोनाले. पन आबा, हे म्या नाई म्हनू शकत. तुमाले सांगा लागते. तुमच्या नावानं, तुमच्या तोंडानं. अन् हे कबूल केलं तं..." तो पुढं बोलेना.

"तं काय?" मंजूनं विचारलं.

"खोटी सही म्हंजे गुन्हा हाय, आई. आबाईवर येऊ शकते."

म्हणजे फिरून तेच. तोच जमादार, तीच कोठडी. एकोणतीस वर्षं टाळली ती. इंद्रभानचे हात आपोआप जोडले गेले. त्या दिवशी दुकानात जोडले होते तसेच. आपण भित्रे आहोत, हे त्याला कायमच माहीत होतं. आज ते सगळ्या घराला दिसलं, आणि लपायला जागा राहिली नाही.

प्रयागबाई उठली.

तिनं मंजूच्या हातातून मोबाइल घेतला. तिला तो चालवता यायचा, रोज सकाळी स्वतःची गाणी ती स्वतःच लावायची. तिनं बोटानं मागं-पुढं केलं आणि ती नऊवारीतली हसरी पोरगी काढली. खरखर झाली. 

'भेऊ नको, पर्याग. म्या हाय न इथंच.'

ढोलकी सुरू व्हायच्या आत तिनं थांबवलं. परत मागं नेलं, परत लावलं. 

'भेऊ नको, पर्याग. म्या हाय न इथंच.'

"माय, बंद कर व," वैजयंती रडत म्हणाली.

तिनं तिसऱ्यांदा लावलं. आणि मग ती येऊन इंद्रभानच्या शेजारी बसली. त्या वेळी डेकपाशी तो बसला होता तितक्याच अंतरावर, गुडघ्याला गुडघा न लागू देता. तिच्या तोंडावर माफी नव्हती. असती तर त्याला रडता तरी आलं असतं. तिनं मोबाइल ऋषिकेशकडं दिला आणि बोटं टेपच्या चाकासारखी गोल फिरवून खूण केली, भर, म्हणजे रेकॉर्ड कर.

"आजी, पक्कं?" ऋषिकेशनं विचारलं. "मंग मांगं नाई घेता येत."

तिनं तीच खूण पुन्हा केली, या वेळी जोरानं.

ऋषिकेशनं मोबाइल खांबाला टेकवून उभा केला. पडद्यावर लाल ठिपका लुकलुकू लागला. आतली उदबत्ती केव्हाच सरली होती, महालक्ष्म्या उपाशी बसल्या होत्या, पुन्हा स्वयंपाक करायचा होता. कोणी उठलं नाही. इंद्रभान त्या लाल ठिपक्याकडं बघत राहिला. याला प्रयाग का भ्यायची, ते त्याला आज पहिल्यांदा समजलं. बाजूला तिचा श्वास वाजत होता.

"म्या, इंद्रभान," तो म्हणाला, आणि घसा खाकरून पुन्हा सुरू झाला. "म्या इंद्रभान काळबांडे, राहनार शिरपूर. ज्या बाईचा हा आवाज हाय, तिले म्या इचारलं नव्हतं."